गाबोळी नेमकी कुठे घडते? माशाच्या मादीतलं इस्ट्रोजेन

खाडीकाठची, ऐरोली

जून उजाडला की दिवाळे गावच्या बाजारात चिवणी माशाचे वाटे लागतात आणि गिऱ्हाईक आधी एकच विचारतं, "गाबोळीची आहे ना?" गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. इथल्याच एका जुन्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की पहिला पाऊस पडला की माशांच्या पोटात अंडी धरतात. हेच मी वाशीपासून चेंदणीपर्यंत सगळीकडे ऐकते. मी मत्स्यशास्त्र शिकले, आता शिकवते. मादी मासा अंड्यासाठी आपलं अख्खं शरीर कसं कामाला लावतो ते सगळ्यांना कळावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

पावसाने अंडी सुटतात. ती भरतात त्याच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यात. रोहू-मृगळासारख्या आपल्याकडच्या माशांत फेब्रुवारी-मार्चपासून अंडाशय जागं व्हायला लागतं, मे-जूनपर्यंत अंडी बलकाने टच्च भरतात आणि मग पाऊस, पूर, ताजं गोडं पाणी आलं की मासे वलगणीला चढतात, म्हणजे अंडी सोडायला प्रवाहाविरुद्ध वर जातात.

हे भरण्याचं काम इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक करवून घेतं. दिवस मोठा होणं, पाणी तापणं, चारा वाढणं याची नोंद मेंदू घेतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, ते पियूषिका ग्रंथीला हलवतं आणि पियूषिका एफएसएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते. ते अंडाशयात पोचतं. प्रत्येक वाढत्या अंड्याभोवती पेशींची दोन आवरणं असतात. बाहेरच्या आवरणातल्या थीका पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. हो, मादीतसुद्धा. ते आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींत झिरपतं आणि तिथलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं १७-बीटा इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, करतं. दोन पेशींनी वाटून घेतलेलं हे काम जपानच्या ओकाझाकीतल्या योशिताका नागाहामा यांच्या गटाने सामन माशांवर १९८०च्या दशकात उलगडून दाखवलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. हे इस्ट्रॅडिओल रक्तातून यकृतात जातं. यकृताच्या पेशीत त्याचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप धरणारं प्रथिन, असतो. इस्ट्रॅडिओल त्याला चिकटलं की ती जोडी केंद्रकातल्या डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि व्हायटेलोजेनिनचं जनुक चालू होतं. व्हायटेलोजेनिन हे भलंमोठं प्रथिन. त्याच्यावर मेद लादलेला, फॉस्फेट लादलेलं, कॅल्शियम धरलेलं. हंगामात मादीचं यकृत सुजल्यासारखं मोठं होतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं, ते याच्यामुळे. ते प्रथिन रक्तातून अंडाशयात येतं, अंड्याच्या पृष्ठभागावरचे ग्राही त्याला धरतात, अंडं ते आत ओढून घेतं आणि कॅथेप्सिनसारखी विकरं त्याचे तुकडे करून बलक साठवतात. अंड्याच्या कवचाची काही प्रथिनंसुद्धा बऱ्याच माशांत यकृतच बनवतं, आणि तीही इस्ट्रोजेनच्याच सांगण्यावरून.

म्हणजे ताटात आलेल्या गाबोळीचा बराचसा ऐवज यकृतात घडलेला असतो. अंडाशय निरोप पाठवतं आणि आलेला माल भरून घेतं. दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगी माशाची पियूषिका काढून टाकली आणि बाहेरून इस्ट्रॅडिओल दिलं, तरी यकृताने व्हायटेलोजेनिन बनवलं. यकृताला पियूषिकेची थेट गरज नाही, त्याला इस्ट्रोजेनचा निरोप पुरतो.

प्रश्न विचारा. मला जमेल तेवढं सांगते.

दिवाळेकरीण

ताई, छान लिहिलंस. आमच्या घरात तीन पिढ्या मासे विकतात. माझी आई नुसतं पोटावर अंगठा फिरवून सांगायची, ही कच्ची आहे, ही दोन दिवसांत सोडेल. मे महिन्यातली गाबोळी घट्ट असते, सुरीने कापली तर वडीसारखी तुकडे पडते. तीच पावसात सैल, पाणचट, दाणा दाणा सुटा. तळायला गेलं की फुटते. भावसुद्धा घट्टीला जास्त. हे दोन अवस्थांचं काय आहे ते सांगशील का?

खाडीकाठची

तुमच्या आईंचा अंगठा ज्या दोन अवस्था ओळखायचा त्या खरंच वेगळ्या आहेत आणि दोन्हींवर वेगवेगळ्या संप्रेरकांचं राज्य असतं.

घट्ट गाबोळी म्हणजे बलक भरण्याची अवस्था. रक्तात इस्ट्रॅडिओल भरपूर. अंडं वाढतंय, पण त्याच्या केंद्रकाचं विभाजन अजून अर्ध्यावरच थांबलेलं आहे, फलनाला तयार नाही. मग मेंदूकडून दुसरा निरोप येतो, पियूषिकेच्या एलएच या संप्रेरकाची मोठी लाट. तीच दोन आवरणं आता रस्ता बदलतात. इस्ट्रॅडिओल बनणं एकदम उतरतं आणि त्याऐवजी १७-अल्फा, २०-बीटा डायहायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं एक स्टेरॉइड तयार होतं. नागाहामा आणि अडाची यांनी १९८५ मध्ये अमागो सामनमधून ते वेगळं काढलं. त्याने अंडं पक्व होतं, केंद्रकाचं आवरण विरघळतं, अंडं आवरणातून सुटतं. म्हणून दाणा दाणा मोकळा.

पाणचटपणाचं कारण वेगळं. समुद्रात तरंगती अंडी सोडणाऱ्या माशांत पक्व होताना बलकातली काही प्रथिनं मोडून सुटी अमिनो आम्लं होतात आणि ती पाणी आत ओढतात. अंडं फुगतं, पारदर्शक होतं, हलकं होतं आणि तरंगतं. तळणाऱ्याचा तोटा होतो खरा, पण पिल्लाला त्याच पाण्यावर पहिले दिवस काढायचे असतात.

आणि एक बारकावा. इस्ट्रोजेन नुसतं भरत नाही, ते अंड्याला थोपवूनही धरतं. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर जीपीईआर नावाचा आणखी एक ग्राही असतो. झेब्राफिश आणि क्रोकर माशांत दिसलंय की इस्ट्रॅडिओल त्याला धरून असेपर्यंत अंडं वेळेआधी पिकत नाही. यकृतातला निरोप जनुकं चालू करून काम करतो, त्याला तास-दिवस लागतात. पडद्यावरचा हा निरोप मिनिटांत काम करतो. संप्रेरक एकच, पण निरोप घेणारे दोन.

नौपाडा_डॉक्टर

फार उपयुक्त धागा. माणसात इस्ट्रोजेनचे केंद्रकीय ग्राही दोन, अल्फा आणि बीटा. माशांत किती? आणि एखादा बंद पडला तर काय होतं?

खाडीकाठची

डॉक्टर, बहुतेक काटेरी माशांत तीन. ईएसआर१ म्हणजे तुमचा अल्फा, आणि बीटाचे दोन, ईएसआर२ए व ईएसआर२बी. माशांच्या या शाखेच्या पूर्वजात संपूर्ण जनुकसंच एकदा दुपटीने वाढला, त्यातून ही जोडी उरली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला विलक्षण वाटतं. मकाऊ विद्यापीठातल्या वेई गे यांच्या गटाने झेब्राफिशमध्ये ही तिन्ही जनुकं एकेक करून आणि जोड्यांनी बंद केली. २०१७ मध्ये ते छापून आलं. कुठलंही एकच बंद केलं तर मादी अंडी देतेच, म्हणजे एकाचं काम दुसरा सावरतो. पण बीटाचे दोन्ही एकत्र बंद केले तर अंड्यांची वाढ अडते आणि मादी हळूहळू नर होते! अंडाशयाच्या जागी वृषण तयार होतं. अ‍ॅरोमाटेजचं अंडाशयातलं जनुक बंद केलं तर पिढीच्या पिढी नर निघते.

याच्या आधी, २०१३ मध्ये, मोठ्या झालेल्या, अंडी देणाऱ्या तिलापिया आणि मेडाका माद्यांना अ‍ॅरोमाटेज अडवणारं औषध दीर्घकाळ देऊन पाहिलं गेलं होतं. त्यांच्याही अंडाशयाचं वृषण झालं. शाळेत आपल्याला शिकवतात की लिंग एकदा ठरलं की ठरलं. माशांत अंडाशयाला अंडाशय म्हणून टिकवून ठेवायचं काम इस्ट्रोजेन आयुष्यभर करत राहतं. मुलांना हे शिकवताना दरवेळी वर्ग शांत होतो.

नौपाडा_डॉक्टर

धन्यवाद. सस्तन प्राण्यांत इतकं टोकाचं घडत नाही, त्यामुळे हे वाचून थांबलो.

घोडबंदर_अ‍ॅक्वेरियम

माझ्याकडे झेब्राफिश आहेत. सकाळी दिवा लागल्यावर पहिल्या तासात अंडी टाकतात, त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

खाडीकाठची

आहे. अंडी भरणं दिवसांचं काम आहे, पण शेवटची एलएचची लाट उजेड-अंधाराच्या घड्याळाला बांधलेली असते. टाकीला ठरावीक चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार द्या, खाणं चांगलं ठेवा. उपाशी मादीच्या यकृताकडे व्हायटेलोजेनिन बनवायला मालच नसतो, मग इस्ट्रोजेन कितीही सांगो.

जिताडेवाला_उरण

नमस्कार ताई. आमचं उरणला खारजमिनीत तळं आहे, आजोबांपासून जिताडा पाळतो. खाडीतून बच्चा आणून सोडायचा, वर्ष-दीड वर्षाने काढायचा. इतक्या वर्षांत तळ्यातल्या जिताड्याच्या पोटात गाबोळी सापडलेली नाही. खाडीत भाऊच्या जाळ्यात मोठं धूड आलं तर त्याला असते. लोक म्हणतात तळ्यातला जिताडा वांझ. मला स्वतः बीज, म्हणजे माशाची पिल्लं, तयार करायचं आहे. एकाने सांगितलं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दे, मादी होईल. द्यावं का?

खाडीकाठची

दादा, तुमच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण या विषयात जिताड्यासारखा मासा नाही.

तुमचा तळ्यातला जिताडा वांझ नाही, लहान आहे. जिताडा बहुतेक आधी नर असतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून पक्व होतो, एक-दोन हंगाम नर म्हणून काढतो आणि सहा-आठ वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणून गाबोळी फक्त धुडालाच. या बदलाच्या वेळी जननग्रंथीत अ‍ॅरोमाटेज वाढतं, इस्ट्रॅडिओल वाढतं, वृषणाचा भाग विरतो आणि अंडाशय घडतं. वर डॉक्टरांना सांगितलं त्याच्या बरोबर उलट दिशा, पण किल्ली तीच. तुम्ही दीड वर्षात मासा काढता, तेव्हा तो धड नरही झालेला नसतो.

बाहेरून इस्ट्रॅडिओल देऊन लहान जिताड्याची मादी करता येते, हे ऑस्ट्रेलियातही झालंय आणि आपल्याकडेही प्रयोग झालेत. पण ते बीजकेंद्राचं काम आहे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, फक्त जननासाठी ठेवलेल्या माशांवर. खायच्या माशाला देऊ नका. तळ्यात तर अजिबात नको, कारण ते पाणी पुढे खाडीतच जातं.

तुम्ही ज्याच्याबद्दल ऐकलं असेल ते इंजेक्शन बहुधा वेगळं आहे. बीजकेंद्रात देतात ते जीएनआरएचचं कृत्रिम रूप. रोहू-कटल्याच्या जातीत त्याच्याबरोबर डॉम्पेरिडोन असतं, कारण त्या माशांत मेंदूतलं डोपामिन एलएचला अडवून धरतं आणि डॉम्पेरिडोन तो अडसर काढतं. त्याच्या आधी नुसत्या पियूषिकेचा अर्क टोचत. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला त्याच अर्काने कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या जातीच्या, माशांकडून अंडी मिळवली. आपण दरवर्षी १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतो तो त्यामुळेच.

आता मुद्द्याचं. हे इंजेक्शन अंडी *सोडवतं*, भरत नाही. इस्ट्रोजेन, यकृत, बलक हे सगळं आधी पूर्ण झालेलं असेल तरच ते लागू पडतं. कच्च्या मादीला टोचलं तर पैसे गेले आणि मादीही खराब होते. जिताड्याच्या मादीत अंड्याचा व्यास किमान ०.४ मिलिमीटर झाल्याशिवाय टोचत नाहीत. आणि जिताडा गोड्या पाण्यात अंडी सोडत नाही, त्याला समुद्रासारखं खारट पाणी लागतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने हे तंत्र बसवलेलं आहे. तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी करा असं मी मनापासून सांगेन. सहा-आठ वर्षं मादी सांभाळण्यापेक्षा सुरुवातीला तिथून बच्चा आणून वाढवणं तुम्हाला परवडेल, आणि खाडीतला बच्चाही वाचेल.

जिताडेवाला_उरण

ताई, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मोठी धुडं मारू नयेत असं आजोबा सांगायचे, आता कळलं.

सानपाडा_वाचक

एक शंका, राग मानू नका. गाबोळीत इस्ट्रोजेन असेल तर मुलांना खायला घालणं बरोबर आहे का? आमच्या गटात यावरून मेसेज फिरतोय.

नौपाडा_डॉक्टर

निर्धास्त खाऊ द्या. वर सांगितलंय तसं अंडी पिकताना इस्ट्रॅडिओल आपणच उतरतं. शिवाय तोंडावाटे गेलेलं नैसर्गिक इस्ट्रॅडिओल आतड्यात आणि यकृतात पहिल्या फेरीतच बहुतेक मोडतं. म्हणूनच गर्भनिरोधक गोळीत मुख्यतः एथिनिल इस्ट्रॅडिओल वापरतात. त्याला जोडलेल्या एथिनिल गटामुळे ते यकृतात लवकर मोडत नाही. मुलाला माशांची अ‍ॅलर्जी असेल तर प्रश्न वेगळा.

खाडीकाठची

डॉक्टरांनी एथिनिलचा विषय काढला ते बरं झालं, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. जे आपल्या यकृतात लवकर मोडत नाही ते सांडपाण्यातही टिकतं. आणि माशाचा ग्राही निरोप घेताना हे अंडाशयातून आलं की गटारातून हे विचारत नाही.

नराच्या यकृतातसुद्धा व्हायटेलोजेनिनचं जनुक असतं. ते आयुष्यभर झोपलेलं असतं, कारण नराच्या रक्तात पुरेसं इस्ट्रोजेन नसतं. ब्रिटनमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खाली पिंजऱ्यात ट्राउट ठेवले तेव्हा नरांच्या रक्तात ते प्रथिन भरून आलेलं सापडलं. १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे तिथल्या नद्यांत रोच माशांच्या नरांच्या वृषणात अंडी दिसली. कॅनडाच्या ऑन्टारियोत कॅरन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे एका प्रायोगिक तळ्यात एथिनिल इस्ट्रॅडिओल मिसळलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम! नरांत व्हायटेलोजेनिन वाढलं, माद्यांत अंडी बनण्याची प्रक्रिया बिघडली आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा त्या तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. मिसळणं थांबवल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा वाढला, एवढीच त्यातली चांगली गोष्ट.

ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर दाट वस्ती आहे आणि आपल्या बाजूला टीटीसी औद्योगिक वसाहतीची कारखान्यांची पट्टी. बायका-पुरुष सगळ्यांच्याच लघवीतून नैसर्गिक इस्ट्रोजेन जातं, काही डिटर्जंटमधून नॉनिलफिनॉलसारखी तशीच वागणारी द्रव्यं जातात. खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंची मोजणी होते, ते उत्तमच. तशी खाडीतल्या बोय माशाच्या नरांच्या रक्तातल्या व्हायटेलोजेनिनची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. ती अवघड नाही. थोडं रक्त, एक अँटिबॉडी चाचणी आणि उत्तर हातात. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आपल्या कॉलेजांत मुलं आहेत, कोळीवाड्यांत मासे ओळखणारी माणसं आहेत.

दिवाळेकरीण

बोय आम्ही देऊ. नर कुठला ते पोट दाबून सांगू, हंगामात दूध (पांढरं वीर्य) येतं त्याला. ऑगस्टनंतर ये.

खाडीकाठची

नक्की येते. दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन येईन, आणि आधी परवानगीचं पाहते.

घोडबंदर_अ‍ॅक्वेरियम

+१. चेंदणीच्या बाजूने काही करता आलं तर मीही येईन, ऑक्सिजन पिशव्या माझ्याकडे आहेत.

जिताडेवाला_उरण

ताई, शेवटचं विचारतो. मेमध्ये तळ्याचं पाणी फार तापतं. त्याने मादीच्या अंड्यांवर परिणाम होतो का?

खाडीकाठची

होऊ शकतो. सामन माशावर टास्मानियात झालेल्या कामात पाणी १४ अंशांऐवजी २२ अंशांवर ठेवलं तेव्हा माद्यांचं इस्ट्रॅडिओल उतरलं, व्हायटेलोजेनिन कमी झालं आणि जगणारी अंडीही घटली. सामन थंड पाण्याचा, जिताडा उष्ण पाण्याचा, त्यामुळे ते आकडे तुमच्या तळ्याला लावू नका. २८ ते ३० अंश जिताड्याला मानवतं. त्याच्या फार वर जाऊ नये म्हणून तळ्याचा एक कोपरा खोल ठेवा, उधाणाच्या भरतीला पाणी बदला. जननासाठी मोठे मासे राखलेत तर त्यांना त्या महिन्यांत ताजी मासळी घाला. आणि अंडी तपासायला नळी वापरणार असाल तर मासा आधी लवंग तेलाच्या सौम्य भुलीत ठेवतात, ते एकदा कुणा अनुभवी माणसाकडून हाताने शिकून घ्या.